यंत्राची नोंद झाली, हाताचे काय?

एखादे यंत्र महाग आणि अवजड असते तोवर ते कोणी हाताळावे, हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ज्याच्या खोलीत ते बसविलेले असते, त्याच्याच हाती त्याची कळ असते. सोनोग्राफीच्या बाबतीत कित्येक वर्षे असेच होते. पोटातील गाठी श्रवणातीत ध्वनिलहरींच्या साह्याने ओळखता येतात, हे ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मधील निबंधात दाखवून दिले. पुढे हे यंत्र रुग्णालयाच्या स्वतंत्र कक्षात विसावले आणि रुग्णाने त्याच्याकडे जायचे, अशी रीत पडली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही रीत उलटली आहे. यंत्र लहान झाले, स्वस्त झाले, चाकांच्या गाड्यावर आले आणि आता तर डॉक्टरांच्या कोटाच्या खिशातही मावू लागले आहे. ते रुग्णाच्या खाटेपाशी येते आणि ते हाताळणारा डॉक्टर क्ष-किरणशास्त्राचा तज्ज्ञ असेलच असे नाही. तो अपघात विभागातील निवासी डॉक्टर असेल, भूलतज्ज्ञ असेल किंवा अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणारा एम.डी.चा विद्यार्थी असेल. यंत्र हाती आले म्हणजे ते वापरण्याची विद्या आली, असे कोणी म्हणणार नाही. पण ती आली आहे की नाही हे ठरवायचे कोणी आणि कसे, ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आपण अजून दिलेले नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात शिरू नये, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच परीक्षापद्धतीचा आणि म्हणून आम्हा मास्तरांचाही आहे. शिवाय त्यात अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. विकत घेतलेल्या सेवेचा दर्जा ज्याला ती घेतल्यानंतरही कळत नाही, त्या ग्राहकाचे रक्षण कसे करायचे? केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर लिहिलेल्या सुप्रसिद्ध निबंधाचा गाभा हाच होता. भाजी घेणारा भेंडी मोडून पाहतो. रुग्णाला तसे करता येत नाही. त्याला डॉक्टरवर विश्वास टाकावा लागतो, आणि तो विश्वास अनाठायी ठरू नये म्हणून समाज पदव्या, परवाने व परीक्षा यांची व्यवस्था उभी करतो. ही व्यवस्था पोकळ निघाली तर रुग्णाच्या हाती दुसरे काहीच उरत नाही.

खाटेपाशी केली जाणारी सोनोग्राफी ही कक्षातल्या सविस्तर तपासणीची छोटी आवृत्ती नव्हे. कक्षातील तज्ज्ञ पोटातील प्रत्येक अवयव पाहून अहवाल लिहितो. खाटेपाशी उभा असलेला डॉक्टर एकच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर त्याला पाच मिनिटांत हवे असते. ट्रकची धडक बसलेल्या माणसाच्या पोटात रक्त साचले आहे काय? हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव आहे काय? श्वास लागलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरले आहे की छातीत हवा शिरून फुप्फुस मिटले आहे? फुप्फुसात हवा असल्यामुळे तेथे ह्या ध्वनिलहरींचा उपयोग नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. फ्रेंच डॉक्टर दानिएल लिख्तेनश्ताइन यांनी ती खोडून काढली आणि तीव्र श्वसनविकारात फुप्फुसांच्या सोनोग्राफीने कारण कसे शोधावे, याची पायरीवार पद्धत २००८ साली मांडली. २०२० च्या कोविडच्या साथीत, रुग्णाला सी.टी. स्कॅनपर्यंत हलविणे जिकिरीचे असताना, ह्या तपासणीकडे अनेक देशांतील डॉक्टर वळले. तेव्हा ही विद्या उपयोगी आहे काय, हा वाद आता संपल्यात जमा आहे.

मात्र ह्या विद्येचा एक विशेष असा की तिच्यातील चूक मागे खूण ठेवीत नाही. क्ष-किरणाची फिल्म तंत्रज्ञ काढतो, तज्ज्ञ वाचतो आणि शंका आलीच तर दुसरा तज्ज्ञ तीच फिल्म पुन्हा वाचू शकतो. सोनोग्राफीत चित्र काढणारा आणि वाचणारा एकच. प्रोब दोन बोटे खाली सरकविला असता तर जे दिसले असते ते पडद्यावर आलेच नाही, तर ते चुकले हे कोणालाही कळत नाही. अपघातग्रस्ताच्या पोटाची तपासणी चार ठिकाणी करतात : उजवीकडे यकृत व मूत्रपिंड यांच्यामध्ये, डावीकडे प्लीहेपाशी, खाली मूत्राशयाच्या आसपास आणि वर हृदयाभोवती. यातील पहिल्याच ठिकाणी नवखा डॉक्टर यकृत आणि मूत्रपिंड यांचे पुस्तकातल्यासारखे सुरेख चित्र पडद्यावर आणतो आणि थांबतो. पण थोडे रक्त असेल तर ते आधी दिसते यकृताच्या खालच्या टोकापाशी. तेथपर्यंत प्रोब नेलाच नाही तर चित्र निर्दोष आणि तपासणी सदोष, असा प्रकार होतो. आणि काही शे मिलिलिटर रक्त साचेपर्यंत कसलेल्या हातालाही ते दिसत नाही. म्हणून 'दिसले नाही' आणि 'नाही' ह्या दोहोंतील अंतर ज्याला कळत नाही, त्याच्या हाती हे यंत्र असण्यापेक्षा नसलेले बरे. यंत्र नसेल तर तो निदान रुग्णावर लक्ष तरी ठेवील.

असे कौशल्य आले की नाही, हे आज सामान्यतः कसे ठरते? सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय रीत मोजणीची. इतके तास प्रशिक्षण, इतक्या तपासण्या, त्यांची नोंदवही, नोंदवहीवर विभागप्रमुखाची सही. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० असा आकडा दिला होता. त्या आकड्यासोबत एक अटही होती : ह्या तपासण्या जाणत्याने मागाहून पडताळलेल्या असाव्यात. अशा गोष्टींचे अनुकरण होताना आकडा उचलला जातो आणि अट गळते, हा आपल्या शिक्षणक्षेत्राचा नेहमीचा अनुभव. महाविद्यालयीन प्रयोगांची जर्नले ज्यांनी लिहिली आहेत आणि ज्यांनी तपासली आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. वर्षाअखेरीस एका रात्रीत पूर्ण होणारे, मागील वर्षाच्या जर्नलावरून उतरविलेले, प्रत्येक पानावर तांबडी सही मिरविणारे ते जर्नल म्हणजे प्रयोग झाल्याचा पुरावा असतो. प्रयोग येत असल्याचा तो पुरावा असतो असे आजवर कोणीही मानलेले नाही. पण गुण मात्र आपण त्यालाच देत आलो आहोत.

नोंदवही प्रामाणिकपणे लिहिली तरीही अडचण सुटत नाही. थोडे साधे गणित करून पाहू. समजा, एखाद्या अपघात विभागात येणाऱ्या दर १०० जखमींपैकी ५ जणांच्या पोटात रक्तस्राव आहे. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे. आता एखाद्या उमेदवाराने प्रोब कसाही फिरवून प्रत्येक वेळी 'काही नाही' असे लिहिले, तर त्याचे उत्तर १०० पैकी ९५ वेळा बरोबर येईल. विशेष योग्यतेसह प्रथम वर्ग! आणि ज्यांच्यासाठी ही तपासणी करायची ते पाचही रुग्ण त्याच्या हातून निसटतील. दुसरा हिशेब असा की, ह्याच प्रमाणात २५ तपासण्यांची अट पूर्ण करणाऱ्या उमेदवाराला त्या काळात एकही रक्तस्राव पाहायला न मिळण्याची शक्यता २७ टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे चौघांतील एकाची नोंदवही नियमाप्रमाणे भरलेली असेल, आणि जे शोधायचे ते कसे दिसते हे त्याने एकदाही पाहिलेले नसेल. संख्या तीच, अनुभव वेगळा. ५० तपासण्या करूनही ही शक्यता आठ टक्क्यांच्या जवळपास उरतेच.

अनुभवाची वर्षे वाढली की कौशल्य आपोआप येते, ह्या समजुतीलाही फारसा आधार नाही. स्टेथोस्कोपचे उदाहरण घ्या. रेने लेनेक यांनी १८१६ साली ते शोधले आणि त्यानंतर दोनशे वर्षे ते प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात आहे. 'सोनोग्राफी म्हणजे नव्या काळाचा स्टेथोस्कोप. त्याला कसली आली आहे परीक्षा?' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु १९९७ साली 'जामा' ह्या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, शेकडो शिकाऊ डॉक्टरांना हृदयाचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकविले असता त्यांना सरासरीने २० टक्केच ओळखता आले. प्रशिक्षणाचे वर्ष पुढे सरकले म्हणून उत्तरे फारशी सुधारत नव्हती आणि ती वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या उत्तरांपेक्षा विशेष चांगलीही नव्हती. याचा अर्थ ते डॉक्टर मंदबुद्धी होते असा नव्हे. त्यांना काय ऐकू येते, हे त्यांना कधी कोणी नीट विचारलेच नव्हते. ऐकणाऱ्याच्या कानात काय उमटते ते दुसऱ्याला ऐकू येत नाही, ही स्टेथोस्कोपची मर्यादा होती. सोनोग्राफीचा पडदा मात्र दोघांना एकाच वेळी पाहता येतो आणि चित्रफीत जपूनही ठेवता येते. म्हणजे येथे परीक्षा घेणे तुलनेने सोपे असूनही ती न घेण्याची जुनी सवय आपण नव्या यंत्राबरोबर पुढे नेत आहोत.

वस्तुतः परीक्षा कशी घ्यावी, यासंबंधीचे ज्ञान दुर्मिळ राहिलेले नाही. डंडीच्या रोनल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अशी परीक्षा योजिली की, उमेदवार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, प्रत्येक ठिकाणी तेच काम सर्वांना करावे लागते आणि परीक्षक आधी ठरलेल्या निकषांवर गुण देतो. लहरी परीक्षक आणि सोपा रुग्ण यांवरील विद्यार्थ्याचे अवलंबित्व त्यामुळे कमी झाले. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी वैद्यकीय कौशल्याचे चार स्तर सांगितले. विद्यार्थ्याला माहीत आहे काय, कसे करायचे ते ठाऊक आहे काय, करून दाखविता येते काय, आणि प्रत्यक्ष कामात तो ते करतो काय. आपली लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थबकते. पुष्कळ प्रात्यक्षिके तिसऱ्या पायरीचे सोंग आणतात. रुग्णाच्या जिवाचा संबंध मात्र चौथ्या पायरीशी.

सोनोग्राफीपुरते बोलायचे तर डेन्मार्कमधील संशोधकांच्या पुढाकाराने विविध देशांतील तज्ज्ञांचे मतैक्य घडवून एक मूल्यमापनपत्रक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सात बाबी आहेत : तपासणी का करायची याचे भान, यंत्राची माहिती, चित्र सुस्पष्ट करण्याचे कसब, तपासणीतील क्रमबद्धता, चित्राचा अर्थ लावणे, नोंद ठेवणे आणि अखेरीस उपचाराविषयीचा निर्णय. प्रत्येक बाबीला १ ते ५ अशी श्रेणी. एखाद्या कारकुनी तक्त्यासारखे दिसणारे हे पत्रक काळजीपूर्वक पाहण्याजोगे आहे, कारण त्यात चित्र काढणे हा मधलाच भाग आहे. पहिला प्रश्न 'तपासणी करायलाच हवी होती काय?' हा आहे आणि शेवटचा 'आता पुढे काय?' हा. रक्तदाब कोसळलेल्या जखमीच्या पोटात स्पष्ट रक्त दिसत असताना अधिक सुंदर चित्रासाठी आणखी दहा मिनिटे प्रोब फिरवीत बसणारा डॉक्टर चित्रात पाचापैकी पाच गुण मिळवील. त्या रुग्णाला त्या वेळी शस्त्रक्रियागृहात हलविणे हेच कौशल्य होते. शिरेत नळी घालताना सुईचा मधला भाग पाहून तेच टोक समजणे, ही दुसरी सर्वपरिचित चूक. पडद्यावर सुई दिसत असते, आणि टोक केव्हाच शिरेपलीकडे गेलेले असते. असल्या चुका बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत सापडत नाहीत. त्या दिसतात शेजारी उभे राहून पाहणाऱ्याला.

आता आपल्याकडे वळू. सोनोग्राफी करणाऱ्याच्या पात्रतेसंबंधी आपल्या देशात कायदा आहे आणि तोही कडक. तथापि तो जन्मला वेगळ्याच कारणाने. गर्भलिंगचिकित्सेवर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. त्या पाठोपाठ १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ पासून तो सुधारित स्वरूपात अमलात आहे. त्याची गरज होती, यात शंका नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. अशा स्थितीत प्रत्येक यंत्राची नोंद, प्रत्येक केंद्राची नोंद, गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा फॉर्म, एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनपेक्षा अधिक केंद्रे नकोत, सहज हलविता येणारे यंत्र नोंदलेल्या रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरावे, हे सारे निर्बंध समजण्यासारखे आहेत. मुलीचा गर्भ काढून टाकणारे डॉक्टर काही आकाशातून पडले नव्हते; ते आपल्याच महाविद्यालयांतून पदव्या घेऊन बाहेर पडले होते.

परंतु ह्याच कायद्याच्या आधारे २०१४ साली प्रशिक्षणाचे नियम आले आणि दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले. एम.बी.बी.एस. डॉक्टरला सोनोग्राफी करायची असेल तर सहा महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण घ्यावे, असे ह्या नियमांनी ठरविले. जे आधीपासून अनुभवाच्या बळावर ती करीत होते त्यांनी क्षमताधारित परीक्षा द्यावी. उत्तीर्ण झाल्यास प्रशिक्षणातून सूट, अनुत्तीर्ण झाल्यास पूर्ण सहा महिने. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये ह्या प्रशिक्षणाची सक्ती मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरची ठरविली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कायद्याचा कीस काढणे हे माझे काम नव्हे. पण सामान्य वाचकाच्याही ध्यानात येईल की, गर्भाचे लिंग सांगणारा डॉक्टर अकुशल असतो म्हणून ते सांगत नाही. उलट ते अचूक सांगण्याएवढा तो कुशल असतो. अप्रामाणिकपणावर प्रशिक्षण हा उतारा नाही आणि अकौशल्यावर नोंदणी हा उतारा नाही. पहिल्यासाठी पोलीस व न्यायालय हवे, दुसऱ्यासाठी शिक्षक व परीक्षक.

आणखी एक विसंगती अशी की, ह्या ३०० तासांच्या अभ्यासक्रमाचा विषय पोट आणि ओटीपोट यांची प्राथमिक सोनोग्राफी हा आहे. अतिदक्षता विभागातील डॉक्टर जी तपासणी रात्रंदिवस करतो, फुप्फुसाची, हृदयाची, शिरेची, ती त्यात येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जी परीक्षा आहे ती खाटेपाशी लागणाऱ्या कौशल्याची नाही आणि खाटेपाशी लागणाऱ्या कौशल्याची परीक्षा कायद्याला अभिप्रेत नाही. सरकारी दप्तरात यंत्राचा अनुक्रमांक आहे, केंद्राचा पत्ता आहे, नोंदणीची पाच वर्षांची मुदत आहे. यकृताच्या खालच्या टोकापर्यंत हात जातो की नाही, यासाठी त्यात रकाना नाही.

मग कडक परीक्षा ठेवावी आणि निम्म्यांना नापास करावे काय? असा उत्साह नेहमीच दाखविला जातो, विशेषतः ज्यांना स्वतःला ती परीक्षा द्यायची नसते त्यांच्याकडून. येथे सावध राहिले पाहिजे. परीक्षेतील चूक दोन प्रकारची असते. अपात्र माणूस उत्तीर्ण होतो, ही एक. पात्र माणूस अनुत्तीर्ण होतो, ही दुसरी. पहिल्या चुकीचा बळी डोळ्यांना दिसतो. दुसरीचा दिसत नाही, पण तो असतोच. जेथे क्ष-किरणतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो अशा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, ज्या डॉक्टरला गर्भनलिकेतील गर्भ फुटून पोटात झालेला रक्तस्राव ओळखता आला असता त्याला परवानाच मिळाला नाही, तर ती स्त्री जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत दगावू शकते. कोणत्याही वार्षिक अहवालात हा मृत्यू परीक्षापद्धतीच्या नावे टाकला जाणार नाही. म्हणून उत्तीर्णतेची रेषा कोठे आखायची, हे केवळ कठोरपणावर ठरत नाही. नवख्यांची व जाणत्यांची कामे, कोणाचे काम कोणते हे परीक्षकाला न सांगता तपासून घ्यावीत आणि दोन्ही गटांचे गुण जेथे वेगळे पडतात तेथे रेषा आखावी, ही रीत परीक्षाशास्त्रात रूढ आहे. 'पन्नास टक्के' ह्या आपल्या पवित्र आकड्यापेक्षा ती निश्चितच अधिक समंजस आहे.

रेषा कोण आखतो, यालाही महत्त्व आहे. मिल्टन फ्रीडमन आणि सायमन कुझनेट्स यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात, अमेरिकेतील डॉक्टरांचे उत्पन्न दंतवैद्यांपेक्षा अधिक असण्यामागे व्यवसायात प्रवेश करण्यावरील निर्बंधांचा वाटा आहे, असे दाखविण्याचा प्रयत्न केला होता. फ्रीडमन यांचे सारे निष्कर्ष मला मान्य नाहीत. परवानेच नकोत, इथपर्यंत ते पुढे गेले; ज्या देशात बोगस डॉक्टरांविरुद्ध मोहिमा काढाव्या लागतात तेथे ते शहाणपणाचे ठरणार नाही. पण त्यांनी दाखविलेला धोका खरा आहे. क्ष-किरणतज्ज्ञांनी घेतलेली परीक्षा त्यांच्या भावी प्रतिस्पर्ध्यांना रोखण्याचे साधन बनू शकते. उलट आपत्कालीन विभागाने आपल्याच विद्यार्थ्यांची घेतलेली परीक्षा घरच्या मुलांच्या कौतुकात बुडू शकते. उपाय अवघड नाही. परीक्षकांत दोन्ही विद्याशाखांचे लोक असावेत, आणि जपून ठेवलेल्या चित्रफितींपैकी काही, उमेदवाराचे नाव झाकून, दुसऱ्या महाविद्यालयातील परीक्षकाकडे जाव्यात. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यातील वैद्यकीय परीक्षांचा व्याप सांभाळीत आहे. त्याला एवढी देवाणघेवाण घडवून आणणे अशक्य वाटू नये.

एकाच दिवशी, एकाच रुग्णावर, एकाच परीक्षकाने घेतलेली परीक्षा मात्र कितीही नेटकी असली तरी पुरेशी नाही. शिडशिडीत तरुणाच्या पोटात जे सहज दिसते ते लठ्ठ मनुष्याच्या पोटात दिसत नाही. शिवाय हाताची सवय मोडते. सहा महिने प्रोब न धरलेल्या डॉक्टरचे जुने प्रमाणपत्र त्याच्या आजच्या हाताविषयी फारसे काही सांगत नाही. म्हणून वर्षभर विखुरलेल्या, वेगवेगळ्या रुग्णांवरील, वेगवेगळ्या जाणत्यांनी पाहिलेल्या तपासण्यांची नोंद हवी, आणि त्यातील प्रत्येक नोंदीत 'काय जमले नाही' हा रकाना सक्तीचा हवा. २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला आहे. कौशल्य प्रत्यक्ष पाहून प्रमाणित करावे, हे तत्त्व त्यामुळे कागदावर तरी सर्वत्र मान्य झाले आहे. कागदावरून ते खाटेपर्यंत का उतरत नाही, याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

ते कारण वेळेचे आहे, म्हणजेच पैशाचे. यंत्राची किंमत निविदेत दिसते. त्याच्या खरेदीचा समारंभ होतो, मंत्रिमहोदय फीत कापतात, वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याच्या शेजारी वीस मिनिटे उभे राहण्याची किंमत कोणत्याही निविदेत येत नाही, म्हणून ती शून्य धरली जाते. शून्य किमतीच्या वस्तूचा पुरवठा किती होतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. बाह्यरुग्ण विभागातील रांग, शस्त्रक्रियांची यादी आणि रिकाम्या पदांचा भार सांभाळणाऱ्या सहयोगी प्राध्यापकाकडून उरलेल्या वेळात मूल्यमापनही व्हावे, अशी अपेक्षा आपण करतो. तो बिचारा नोंदवहीवर सही करतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

हिशेब मांडून पाहिला तर ही किंमत अवास्तव नाही. एखाद्या विभागात २० निवासी डॉक्टर आहेत असे धरू. पोटातील रक्तस्राव, हृदय आणि फुप्फुस अशी तीन कौशल्ये, प्रत्येकाची वर्षात सहा वेळा शेजारी उभे राहून पाहणी, प्रत्येक पाहणीला वीस मिनिटे. एकूण ३६० पाहण्या, म्हणजे वर्षाला १२० तास. दोन परीक्षकांत वाटले तर प्रत्येकी साठ तास. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठी विद्यापीठे मानधन देतात आणि त्यासाठी अध्यापकाला कर्तव्यरजाही मिळते. तेच नियम ह्या १२० तासांना लावावेत, त्यांची नोंद अध्यापकाच्या कार्यभारात व्हावी आणि सोनोग्राफी यंत्राच्या प्रत्येक नव्या खरेदीच्या प्रस्तावाबरोबर ह्या तासांची तरतूद केल्याखेरीज तो मंजूर होऊ नये. वैद्यकीय शिक्षण विभागाला त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. एक शासननिर्णय आणि अंदाजपत्रकात मानधनाच्या शीर्षाखाली एक वाढीव रक्कम एवढे पुरेल.